राहतं घर

सोमवार, १५ सप्टेंबर

उजाडायच्या आधीपासून फोन वाजतोय. धाड गावाच्या अंगाला काल असा पाऊस कोसळला की कुंभारखेडचा नाला सरळ गावात शिरला. शेंगांनी भरलेलं सोयाबीन आडवं झालं. नाल्याकाठच्या शेतांतली माती वाहून खालचा मुरूम उघडा पडलाय. माणूस कुठे दगावलं नाही, एवढं एक बरं.

आमदार झाल्यावर ही माझी पहिली अतिवृष्टी. जिल्हा परिषदेत होते तेव्हा गारपीट पाहिली होती. एका गावातल्या लोकांनी दोन दिवसांत पत्रे बसवले, भिंती लिंपल्या, अंगणं झाडली. कुणापुढे हात पसरायला नको म्हणून. आठवड्याने पंचनाम्याचं पथक आलं, 'नुकसान आढळून आले नाही' असं लिहून, त्यांच्याच घरचा चहा पिऊन निघून गेलं. तेव्हा माझा जीव असा जळला की मी नियमच करून टाकला: मी येऊन पाहीपर्यंत कशाला हात लावायचा नाही. पडलेलं पडू द्या, वाकलेलं वाकू द्या. आता मतदारसंघात पोराटोरांनाही तो नियम पाठ आहे. विरोधक टिंगल करतात, ताई आल्याशिवाय लोक मेलेली म्हैससुद्धा पुरत नाहीत म्हणून. करू देत. आमच्या म्हशींची भरपाई मिळाली, त्यांच्या बाजूच्यांची नाही मिळाली.

शाकिरला सांगितलं, सगळ्या सरपंचांना तोच निरोप दे. शाकिर माझा पीए आहे, पण तोंडावर भाव असा की जणू मीच त्याची विद्यार्थिनी. "दिला ताई," म्हणाला, "पन तुमी येसान कवा ते बी विचारून राह्यले लोकं."

दुपारी चांगुणाबाईंचा फोन आला. कुंभारखेडच्या गायरानावर बौद्धांची तीस-चाळीस घरं आहेत. चांगुणाबाईंच्या सासऱ्यांच्या काळापासून ती जमीन हे लोक कसतात आणि तिथंच राहतात. सातबारा सरकारचा, घाम यांचा. पीक बुडालं तर भरपाई नाही, आणि घर पडलं तर ते कागदावर घरच नाही, अतिक्रमण. प्रचारात मी चांगुणाबाईंच्या ओट्यावर बसून ठेचा-भाकरी खाल्ली आणि जमीन त्यांच्या नावावर करून देईन म्हणाले. बाकीचे भेटले की त्याची आठवण करून देतात. चांगुणाबाई देत नाहीत, म्हणून त्यांचंच जास्त लक्षात राहतं.

त्यांच्या घराची मागची भिंत गेली, बाजूची वाकली. शेजारीपाजारी विहारात आणि शाळेत गेले आहेत. नवरा शंकरराव पायाने अधू, त्यांना उचलून न्यावं लागेल. आम्हीही जावं का, एवढंच विचारत होत्या. उद्या सांगते म्हटलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आमच्या वकीलसाहेबांनी आज पहिल्यांदा फुकट सल्ला दिला. (नवरा असले तरी एरवी फी मागायचीच काय ती बाकी ठेवतात.) जेवताना मी गायरानाचं रडगाणं लावलं होतं. ते म्हणाले, कायद्याने दार बंद आहे, पण खिडकी उघडी आहे. तहसीलदार स्वतः गेला, त्याने माणसं राहताना पाहिली, आणि पंचनाम्यात 'राहते घर' असे दोन शब्द लिहिले, तर सरकारनेच ते घर मान्य केल्यासारखं होतं. एक लिहून घे. एकदा एक लिहिलं की बाकीची टाळता येत नाहीत, आणि घर मानलं की जमिनीचं बोलायला तोंड मिळतं.

हात वाळले तरी मी ताटावरून उठले नाही. इतकी वर्षं मोर्चे काढून जे झालं नाही ते दोन शब्दांत होणार होतं.

अडचण एकच. बाकी सगळे घरं सोडून गेले. रिकामं घर दिसलं की तलाठी 'पडीक' लिहून मोकळा होतो. राहिल्या फक्त चांगुणाबाई. लगेच फोन लावला.

"घर सोडू नका," मी म्हटलं. "साहेब येतील तेव्हा चूल तिथंच पेटलेली दिसली पाहिजे. आणि भिंतीला टेकू लावू नका. टेकू दिसला की अंशतः पडझड लिहितात."

"भित लय वाकली, ताई."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. मी स्वतः घेऊन येते त्यांना."

मग म्हणाल्या, "हाव. तुमी म्हनता त राह्यतो आमी."

अशी माणसं पाठीशी असली की राजकारण करावंसं वाटतं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज कुंभारखेडला जायचं होतं. पालकमंत्र्यांचा दौरा लागला आणि दिवस गेला. मंत्री असताना तहसीलदार हलत नाही, आणि तहसीलदाराशिवाय मी जाऊन उपयोग नाही.

दौरा म्हणजे काय, डांबरी रस्त्याला लागून असलेली तीन शेतं. मंत्री बांधावर उभे राहिले, छत्री धरणारा चिखलात उभा राहिला. एका म्हाताऱ्याने कुजकी शेंग त्यांच्या हातात दिली. ती कुठे टाकावी ते त्यांना कळेना, म्हणून गाडीपर्यंत तशीच धरून नेली. मी दोनदा गायरानाचा विषय काढला. दोन्ही वेळा म्हणाले, निवेदन द्या.

संध्याकाळी तहसीलदारांना गाठलं. भला माणूस आहे, पण घाबरट. गायरानावर पाय ठेवला तर वरून विचारणा होईल म्हणाला. मी आवाज चढवला. शनिवारी येतो म्हणाला.

शनिवार, २० सप्टेंबर

आज आढावा बैठक. तहसीलदार पुन्हा अडकले. उद्या रविवार असूनही नक्की म्हणतात. चार दिवसांनी आज कडक ऊन पडलं, रस्ता तरी वाळेल.

शाकिरला सकाळी पुढे पाठवलं होतं, चांगुणाबाईंना धीर द्यायला. परत आला तो तोंड पाडून.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"कवा येतात म्हने ताई. शंकरराव चुलीपाशी बसून होते. चहा मांडला होता त्यायनं." जरा थांबून म्हणाला, "मी घरात नाही गेलो. भायेरच उभा राह्यलो. चहा नको म्हनलं."

मला संतापच आला. ज्यांच्या मतांवर निवडून आलो त्यांच्या घरचा चहा नाकारतोस? त्यांना काय वाटलं असेल? उद्या हीच गोष्ट विहारात बोलली जाईल, की आमदारबाईंच्या माणसाला आमच्या घरात बसायची लाज वाटते. चांगलं झापलं. तो खाली बघत राहिला. "तसं नाही, ताई," एवढंच म्हणाला. मग तसं नाही तर कसं, हे काही सांगितलं नाही. इतकी वर्षं सोबत राहून माणसाच्या मनात काय असतं ते कळत नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

भिंत पडली. शंकरराव गेले.

आम्ही गाडीत होतो, धाड ओलांडलं होतं. तहसीलदारांची गाडी मागे. शाकिरचा फोन वाजला, त्याने ऐकलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, गाडी बाजूला घे.

सोमवार, २२ सप्टेंबर

काल पुढे लिहवलं नाही.

पोचलो तेव्हा लोकांनी त्यांना बाहेर काढलं होतं. चांगुणाबाई हापशीवर पाण्याला गेल्या होत्या. आवाज ऐकून धावत आल्या तेव्हा वर नुसती धूळ होती म्हणतात. कोरड्या ठणठणीत उन्हात भिंत पडते, याला काय म्हणावं? पावसात टिकली आणि उन्हात गेली. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

मी चांगुणाबाईंना धरून रडले. खरं रडले, कॅमेरा वगैरे कुणी नव्हतं. त्या रडत नव्हत्या. त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावरून पलीकडे, तलाठी गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होता तिकडे. गायरानावर पाय ठेवायला घाबरणारे तहसीलदार आता स्वतः ढिगाऱ्यावर चढून फोटो काढून घेत होते. माणूस मेला की सगळ्यांना वाट सापडते.

चांगुणाबाई मला बाजूला करून त्या तलाठ्यापाशी गेल्या. हातावर, कपाळावर माती तशीच होती.

"राह्यतं लिवलं ना?" त्यांनी विचारलं.

तलाठ्याने माझ्याकडे पाहिलं.

"चूल पेटली होती," त्या म्हणाल्या. "भगोनं पाहा, अजून गरम हाये. म्याच बसवलं होतं त्यायले चुलीपाशी, इस्तू इझू देऊ नका म्हनून. राह्यतं लिवा."

लिहिलं. माझ्या समोर लिहिलं.

आज अंत्यविधीला गेले. मुलगा नागसेन चाकणच्या कंपनीतून रात्रभर प्रवास करून आला. भंतेजींनी त्रिशरण म्हटलं. मी मागे उभी होते. कुणी पुढे या म्हणालं नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

मिळालं. 'राहते घर' मान्य झालं. आणि वकीलसाहेब म्हणाले होते तसंच झालं, एक लिहिल्यावर बाकीची टाळता येईनात. गायरानावरच्या सगळ्या पडक्या घरांचे फेरपंचनामे करायचे आदेश निघाले. जिल्ह्यात असं आधी कधी झाल्याचं कुणाला आठवत नाही. पालकमंत्र्यांनी फोन करून शाबासकी दिली. निवेदन द्या म्हणणारे हेच. पेपरात 'आमदारांच्या पाठपुराव्याला यश' अशी बातमी आली, माझा फोटो जुना लावलाय.

आनंद व्हायला हवा. होत नाही. शंकरराव बघायला हवे होते.

वकीलसाहेब दोन दिवस धड जेवले नाहीत. आज पानावर बसून म्हणाले, "तू त्या बाईला फोनवर काय सांगितलं होतंस ते कुठं बोलू नकोस."

मी चकित झाले. मी काय वेगळं सांगितलं होतं? हात लावू नका, जे सगळ्यांना सांगते तेच. घरातच बसून राहा असं मी कशाला म्हणेन? ते ताट सरकवून उठले.

शनिवार, ४ ऑक्टोबर

मदतीचा आदेश घेऊन कुंभारखेडला गेले. चांगुणाबाई सध्या जाऊबाईंच्या पडवीत राहतात. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातात, यंदा गेल्या नाहीत. 

शाकिर फोटो काढायला पुढे झाला. नागसेन म्हणाला, फोटो नको. मग मला विचारलं, अगदी शांतपणे, "आईले तुम्ही काय सांगतलं होतं, ताई?"

मी म्हटलं, बाळा, जे साऱ्या मतदारसंघाला सांगते तेच, की पाहणी होईपर्यंत दुरुस्ती करू नका.

तो आईकडे बघायला लागला. मीही बघितलं. मला वाटलं त्या काही म्हणतील. त्यांनी पदर सारखा केला.

"जाऊ दे, नागसेन," म्हणाल्या. "ताईनं आपल्या भल्यासाठीच सांगतलं."

मला बरं वाटलं. नंतर गाडीत बसल्यावर ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. का, ते मला सांगता येत नाही. आदेश त्यांनी वाचलाच नव्हता. घेतला आणि जाऊबाईंच्या हातात दिला. निघताना मात्र जमिनीचं विचारलं, पहिल्यांदाच. "आता व्हईन ना, ताई?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. आता मला ते करावंच लागेल.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

कार्यालयात गर्दी मावत नाही. तालुक्यातल्या सगळ्या गायरानांवरची माणसं येतायत. पूर्वी हे लोक साहेबांच्या दारात उभं राहायलाही घाबरत. आता सरळ विचारतात, राहतं लिहायला काय काय लागतं? चूल लागते का? माणूस घरात किती दिवस पाहिजे? उंबरदरीचे हबीबभाई तर तेवढंच विचारायला दोन एस.टी. बदलून आले होते. मी नीट समजावून सांगितलं. लोकांमध्ये जागृती आली, हे शंकररावांच्या मरणाचं चीज झालं म्हणायचं.

शाकिर हल्ली फार कमी बोलतो. त्या चहावरून बोलले ते लागलं असावं. माफी मागावी का?

शनिवार, २५ ऑक्टोबर

उंबरदरीच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात बसून लिहिते आहे. दुपार आहे, पण वर्गात अंधारून आलंय.

काल हवामान खात्याचा इशारा आला. उंबरदरीचं गायरान नाल्याच्या वळणावरच आहे, मुसलमानांची आणि बौद्धांची मिळून वस्ती, सगळी मातीची घरं. महिनाभरापूर्वीच्या पावसाने निम्म्या भिंती आधीच भिजून फुगलेल्या. सकाळीच शाळा उघडून घेतली, सतरंज्या टाकल्या, खिचडीचं पातेलं चढवलं. सरपंचांना सांगितलं, माणसं हलवा. त्यांचा फोन आला, पाच-सहा घरं सोडली तर कुणी हलत नाही.

तहसीलदारांकडे पोलीस मागितले. ते म्हणाले, पोलीस पुलावर आहेत, आणि ताई, तुम्ही सांगितल्यावर ऐकतील की लोक. म्हणून मी स्वतः आले.

पहिलंच घर हबीबभाईंचं. ते दारात नव्हते, सून मुबीना होती, कडेवर लेकरू. आत चूल पेटलेली. भिंतीला हात लावला तर बोटं आत गेली. मी म्हटलं, पोरी, चल शाळेत, सगळ्यांना घेऊन.

"आमी शाळंत गेलो अन् घर पडलं त राह्यतं कोन लिवन, ताई?" ती म्हणाली.

मी म्हटलं, मी लिहून घेईन, माझा शब्द.

"तिकडं मानूस घरात होता म्हनूनच लिवलं. साऱ्यायले मालूम हाये."

मी तिला समजावलं, हात जोडले. तिने लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्याकडे अशी पाहायला लागली, की मी तिचं काही काढून न्यायला आले आहे.

"त्यायले तुमीच सांगतलं, घर सोडू नका," ती म्हणाली. "मंग आमालेच काऊन भायेर काढून राह्यल्या? आमी मत नाही देलं का तुमाले?"

बाहेर थेंब सुरू झाले होते. शाकिर दारातून म्हणाला, ताई, चला. आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी आत जाऊन चुलीपाशी खालीच बसले. म्हटलं, तू येत नाहीस तर मीही इथून उठत नाही. माझ्या जिवाची तरी हिला काळजी वाटेल, घाबरून उठेल, असा हिशोब होता. एरवी आमदार जमिनीवर बसला की लोक विरघळतात.

मुबीनाचा चेहरा उजळला. तिने धावत जाऊन शेजारणीला हाक मारली, ताई स्वतः बसल्या म्हणून. मला चहा दिला, पाठीला उशी दिली, नेमकी त्या फुगलेल्या भिंतीला टेकवून. गल्लीतून आवाज यायला लागले. मला वाटलं लोक शाळेकडे निघाले. मी दारात येऊन पाहिलं. पाच-सहा घरं, जी सकाळी सरपंचांचं ऐकून शाळेत गेली होती, ती डोक्यावर गाठोडी घेऊन पावसात परत येत होती. एका म्हातारीने माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. "तू हायेस त भेव नाही, माय," म्हणाली, आणि आपल्या घरात शिरून कडी लावली.

मी पावसात उभी राहून ओरडले. घराघरावर थापा मारल्या. घसा बसला. मी सांगितलं, मी त्या चांगुणाबाईला चुकीचं सांगितलं होतं, तो माणूस माझ्या सांगण्याने मेला, बाहेर या. हे शब्द मी मोठ्याने म्हटले, सगळ्या वस्तीसमोर. लोक दारातून ऐकत होते. हबीबभाई म्हणाले, "ताई लय मोठ्या मनाच्या हायेत, दुसऱ्याचं आपल्यावर घेऊन राह्यल्या." आणि मला भिजू नका म्हणाले.

शेवटी शाकिरने मला दंडाला धरून इथं आणलं. त्याने कधी असा हात लावला नव्हता. आता तो सरपंचांसोबत पुन्हा घरोघरी गेलाय. मला म्हणाला, तुमी येऊ नका ताई, तुमी दिसल्या की ते आनखीच बसतात.

वर्गात रिकाम्या सतरंज्या आहेत. खिचडी खाली लागल्याचा वास येतोय, खायला कुणी नाही. वस्तीतल्या प्रत्येक घरातून धूर निघताना खिडकीतून दिसतोय. सगळ्यांनी चुली पेटवल्या आहेत. पाऊस वाढला.